गाठीचं उत्तर

४ जानेवारी

मुंगे,

वर ‘प्रिय’ लिहीत नाही. लिहिलं असतं तर तू तेवढं खोडून पत्र परत पाठवलं असतंस. फोन तर तू उचलत नाहीसच. तुझ्या वहिनीच्या फोनवरून केला तरी माझा नुसता श्वास ऐकून ठेवून देतेस. पंचवीस वर्षं अबोला धरून तुझी एवढी तयारी झाली आहे. म्हणून बासष्टाव्या वर्षी पेन घेऊन बसलोय. अक्षर लागत नसेल तर चष्मा लाव, वय तुझंही झालंय.

मंगळवारी ढब्बू आली होती. तुझी लेक आहे तशी माझी भाचीही आहे, आणि मामाकडे यायला आईची परवानगी लागत नाही हे ती कॉलेजात गेल्यापासून आपलं आपण ठरवून बसली आहे, तेव्हा तिच्यावर डाफरू नकोस. आठवा महिना, पाय सुजलेले, नवरा तिकडे बोटीवर. दोन जिने चढून आली, फाइल माझ्यापुढे टाकली आणि म्हणाली, “मामा, डॉक्टरीणबाई बोलल्या त्यातलं मला निम्मंच कळलं. तू सांग.”

मी वाचलं. इस्पितळातलं लशींचं स्टोअर सांभाळण्यात जन्म गेला, तेवढं मला कळतं. तिच्या रक्तात हिपॅटायटिस बी आहे. तिला आत्ता काही होत नाही, ती ठणठणीत आहे. पण हा विषाणू यकृतात मुक्काम ठोकतो आणि बाळंतपणात आईच्या रक्तातून बाळाकडे जातो. मोठ्या माणसाला लागला तर बहुतेक वेळा आपला आपण निघून जातो. तान्ह्या बाळाला लागला तर दहातल्या नऊ जणांना जन्माचा चिकटतो आणि मग ऐन उमेदीत यकृत पोखरतो. आपल्या आईचं पोट शेवटी कसं पाण्याने भरलं होतं ते आठव. तिला काय झालं होतं हे तेव्हा कुणी तपासलं नाही, पण यकृत गेलं की माणसाचं काय होतं ते आपण दोघांनी पाहिलंय.

यावर उपाय आहे आणि सोपा आहे. बाळ जन्मल्यापासून बारा तासांच्या आत, फार तर चोवीस, एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत तयार प्रतिकारशक्तीचं इंजेक्शन. मग पुढचे डोस ठरल्या वेळी. एवढं केलं की शंभरातली नव्वदच्या वर बाळं सुटतात.

आणि तू तिला काय सांगितलंस? “पहिल्या दिवशी माझ्या नातवंडाला कुणी सुई लावायची नाही. महिनाभर जाऊ दे, अंगात जीव येऊ दे, मग बघू.” महिन्याने काय बघणार आहेस गं? चोर घरात शिरून पांघरूण घेऊन झोपल्यावर कुलूप लावणार? दिवसभर तोंडात टाचण्या धरून कपडे शिवणाऱ्या बाईला सुईची धास्ती कधीपासून वाटायला लागली?

पोरगी दोन दगडांवर पाय ठेवून उभी आहे. डॉक्टरीणबाईंचं पटतं, आणि तुझं मोडवत नाही. तिला मोकळं कर. तारीख फेब्रुवारीच्या मध्याची आहे, आपल्या भांडणासाठी बाळ थांबणार नाही.

तुझा दादा (मान्य असो वा नसो)


११ जानेवारी

मुंगे,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर म्हणायचं म्हणून म्हणतो. मी दोन पानं भरून लिहिलं आणि तू तुझ्या दुकानातली मापाची चिठ्ठी पाठवलीस. छाती, कंबर, बाही असे रकाने छापलेले, आणि बाहीच्या रकान्यात एक ओळ : “मग माझ्या पोरीला गाठ का आली?” खाली सही नाही, वर दादा नाही. चिठ्ठी माझ्याच पत्राला टाचणीने टोचलेली. पाकीट उघडताना ती टाचणी माझ्या अंगठ्यात गेली. मी ओरडलो तर वहिनी स्वयंपाकघरातून म्हणते, “तेवीस वर्षं लशी वाटल्या आणि टाचणीला एवढी बोंब?” तिला माहीत आहे मला सुई सोसत नाही. सगळ्या इस्पितळाला माहीत होतं.

तर लशीचा त्रास. सगळं सांगतो, हातचं राखून काही नाही. टोचलेल्या जागी लाली येते, दुखतं, मांडी जरा कडक लागते. एखाद्या बाळाला बारीक ताप येतो, ते किरकिर करतं, एखादा दिवस दूध कमी ओढतं. दोन दिवसांत सगळं निवतं. जोराची ॲलर्जी, म्हणजे अंगावर गांधी आणि धाप, ही दहा लाख डोसांत एखाद्या वेळी. तेवढ्यासाठी टोचल्यावर अर्धा तास बाळाला नजरेसमोर ठेवतात आणि त्यावरचं औषध टेबलावर काढून ठेवलेलं असतं. तेवीस वर्षांत मी असा एकही प्रकार पाहिला नाही. लशीत जिवंत विषाणू नसतो, त्याच्या वरच्या आवरणाचा एक तुकडा असतो, त्यामुळे लशीने कावीळ होत नाही. कमी वजनाच्या बाळालाही देतात. तुझ्या दुकानात येणाऱ्या बायका मोबाईलवर काय काय वाचून तुला ऐकवतात ते ढब्बूने मला सांगितलं. त्यांना म्हणावं, ब्लाउजची मापं द्या आणि घरी जा.

आता ढब्बूच्या मांडीला पहिल्या डोसानंतर आली ती गाठ. सुई पुरती खोल गेली नाही, औषध वरच्यावर राहिलं, तर कधीमधी अशी गाठ येते. त्या वेळच्या सिस्टर घाईच्या होत्या. झालं तुझं समाधान? एका बाईच्या घाईपायी तू पोरीचे पुढचे दोन्ही डोस चुकवलेस आणि आता तिच्या पोराचाही पहिला चुकवायला निघालीस. मला तर डोकं आपटावंसं वाटतं. भिंत आमची भाड्याची आहे म्हणून आपटत नाही.

ढब्बूला आज-उद्या सांगून टाक.

दादा


१८ जानेवारी

मुंगे,

दुसरी चिठ्ठी मिळाली. या वेळी कंबरेच्या रकान्यात : “सिस्टर घाईत नव्हत्या. मी बघत होते. गाठ का आली?”

अगं, एखादा प्रश्न माणूस बदलून तरी विचारतो! मी तुला बाळाच्या आयुष्याचं सांगतोय आणि तू पंचवीस वर्षांपूर्वीच्या लिंबाएवढ्या गाठीला धरून बसली आहेस. हो, लिंबाएवढी होती. हो, ती पिकली, सर्जनने चीर दिली, आतून जे निघालं त्यात जंतू नव्हते, आणि ढब्बूच्या मांडीला अंगठा बसेल एवढा खळगा राहिला. मला सगळं पाठ आहे. मला त्या गाठीबद्दल बोलायचं नाही.

तोंडावर सांगावं म्हणून परवा मी तुझ्या दुकानापर्यंत आलो होतो. आत यायचा धीर झाला नाही. समोरच्या चपलांच्या दुकानात शिरलो आणि काचेतून बघत राहिलो. कुणाच्यातरी कोटाची बाही उसवत होतीस, मान एका बाजूला टाकून, आई निवडायला बसायची तशी. केस किती पिकलेत तुझे. दुकानदाराने सात जोड माझ्यापुढे काढून ठेवले, तेव्हा लाजेकाजेस्तव एक घेऊन निघालो. मापाला लहान आहेत. तो दोषही तुझाच धरतो.

घरात सगळे जेवायला जमले होते तो दिवस तुला विसरता येत नाही, हे मला कळतं. ढब्बू चार महिन्यांची, मांडीला पट्टी. तू म्हणालीस, पुढची लस मी देणार नाही. आणि मी उठून, डोक्यावरून पंचा घेऊन, तुझा आवाज काढून तुझी नक्कल केली. “अगो बाई, सुई! अगो बाई, गाठ!” सगळी पंगत हसली. हसू थांबेपर्यंत तू पोरीला उचलून जिना उतरली होतीस. ते मी करायला नको होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय, याची नोंद घे.

पण तेव्हाही माझा संताप खरा होता. लोकांना लशीतलं काही म्हणजे काही कळत नाही. बाहेरच्यांना नाहीच, पण आतल्यांनाही नाही. मला इस्पितळात सगळे ‘थर्मामीटर’ का म्हणायचे? तर मी दिवसातून दोनदा फ्रिजचं तापमान लिहायचो, सुट्टीच्या दिवशीही येऊन लिहायचो. दोन ते आठ अंश, त्याच्या वर नाही आणि खालीही नाही. लोकांना वाटतं, लस म्हणजे जितकी गार तितकी चांगली. एका दवाखान्यातल्या कारकुनाने बाटल्या बर्फाच्या लाद्यांना चिकटवून आणल्या होत्या, माझी कौतुकाची थाप मिळेल म्हणून. मी त्याला सगळ्यांसमोर इतका झापला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. काही लशी गोठल्या की मेल्या. ही त्यातलीच. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं बिचाऱ्याला, त्याने आपलं चांगल्याच भावनेने…

हे मी तुला का सांगत बसलोय? विषय हा नाही. विषय तुझा हट्ट आहे.

दादा


२४ जानेवारी

मुंगे,

ढब्बू आज पुन्हा आली होती. खुर्चीत नीट बसताही येत नाही तिला आता. तुझा निरोप तिने शब्दाला शब्द सांगितला : “दादाने गाठीचं खरं कारण सांगितलं, तर मी बाळाच्या मध्ये येणार नाही. नाही सांगितलं, तर जे माणूस एका गाठीचं खरं सांगत नाही त्याच्या लशीचं मी का ऐकू?”

मी म्हटलं, “सांगितलं की मी. सुई वरच्यावर राहिली.”

तिने हात मांडीवर नेला. मग म्हणाली, “मामा, मला तुझं सगळं पटतं. पण आंघोळीला बसले की रोज तो खळगा हाताला लागतो. माझ्या बाळाला तसा नको. तो का पडला तेवढं मला कुणीतरी सांगा, की मी लशीच्या संमतीच्या कागदावर सही करते.”

ती गेल्यावर वहिनीने ताटं उचलली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “तीन पत्रं खरडलीत. त्यांच्या एका ओळीला एक ओळ उत्तर नाही दिलंत.”

तुम्ही सगळ्या बायका मिळून मला खाताय.

दादा


२ फेब्रुवारी

मुंगे,

नऊ दिवसांत चार पत्रं लिहिली आणि फाडली. हे फाडणार नाही, कारण वहिनी पाकिटावर तिकीट लावून समोर बसली आहे.

तू बाळंत झालीस तेव्हा मी लशींच्या स्टोअरला येऊन पाच महिने झाले होते. त्याआधी चादरी आणि गाउन मोजायचो. बदली झाली, किल्ली हातात आली, शिकवलं कुणी काही नाही. हिपॅटायटिस बीची लस तेव्हा आमच्याकडे नवी होती, मला तिचं फार अप्रूप होतं. माझ्या बहिणीचं बाळ माझ्याच इस्पितळात जन्मणार, माझ्याच फ्रिजमधली लस त्याला मिळणार, म्हणून मी आठवडाभर आधी एक बाटली वेगळी काढली. कागदात गुंडाळली. कागदावर लिहिलं, ‘मुंगीचं बाळ’. आणि फ्रिजच्या अगदी मागे, बर्फाच्या कप्प्याला खेटून ठेवली. तिथे सगळ्यात गार. म्हणजे तिथे सगळ्यात चांगली राहील, असं मला वाटलं. बाकीच्या बाळांना पुढच्या खणातल्या साध्या बाटल्या आणि माझ्या भाचीला खास.

त्या दुपारी सिस्टरने डोस मागितला. मी ती बाटली काढली तर आत बर्फाचा खडा झालेला. मुठीत धरून, फुंकर मारून विरघळवली. पांढरट दिसली. ती लस नेहमीच पांढरट दिसते. सिस्टरच्या हातात दिली. त्या म्हणाल्या, “मामा अगदी स्वतः घेऊन आले!” सुई त्यांनी नीट टोचली, जिथे टोचायची तिथे, जितकी खोल टोचायची तितकी. त्यांची काडीची चूक नव्हती. गाठ पिकल्यावर तू ओरडत वॉर्डात आलीस तेव्हा मॅट्रनने त्यांनाच फैलावर घेतलं, आणि मी तिथे उभा होतो, गप्प. एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि ते खरंही होतं.

दोन वर्षांनी आम्हाला ट्रेनिंगला पाठवलं. शिकवणाऱ्या बाईंनी दोन बाटल्या हलवून टेबलावर ठेवल्या. एकीतलं दुधासारखं एकजीव राहिलं. दुसरीत कण धरले, हळूहळू तळाशी बसले आणि वर पाणी राहिलं, नासलेल्या दुधासारखं. त्या म्हणाल्या, “ही गोठून विरघळलेली. हिची ताकद गेली. वर टोचल्या जागी गाठ होऊ शकते, त्यात जंतू सापडत नाहीत.” सगळे वहीत लिहून घेत होते. मीही लिहून घेतलं. वही अजून कपाटात आहे, अक्षर चांगलं आलंय.

त्या दिवशी तुझ्याकडे यायला हवं होतं. ढब्बू दोन वर्षांची होती. तिचं रक्त तपासता आलं असतं, लस पुन्हा पहिल्यापासून देता आली असती. पण तोवर दोन वर्षं मी घरोघर तुझी नक्कल करून हशा मिळवत होतो. नोकरीची भीती होती. त्याहून जास्त त्या हशाची होती, तो माझ्यावर उलटला असता. मग मी काय केलं, तर फ्रिजचा पहारेकरी झालो. पुढच्या एकवीस वर्षांत माझ्या स्टोअरमध्ये एक बाटली गोठली नाही. लोकांना वाटलं, काय काटेकोर माणूस आहे. त्या कारकुनाला मी रडवलं तेव्हा मी कुणाला झापत होतो ते आता तुला कळलं असेल.

परवा डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ढब्बूला लागण कशाने झाली ते आज नक्की सांगता येणार नाही. चांगल्या लशीनेही दर वेळी शंभर टक्के अडतं असं नाही, आणि पुढचे डोस चुकले तेही आहेच. मला ऐकून हायसं वाटलं आणि लगेच स्वतःची शिसारी आली. पुढचे डोस का चुकले? तू घाबरलीस म्हणून. तू का घाबरलीस? गाठ आली म्हणून. आणि गाठ माझ्या खास बाटलीमुळे आली असणार. हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू अडाणी नव्हतीस. त्या अख्ख्या पंगतीत बरोबर प्रश्न तुझ्या एकटीचा होता.

माझ्यावर हवं तेवढं चीड, जन्मभर चीड. लशीवर चिडू नकोस. हे पत्र ढब्बूलाही दे. ती समोर बसली होती तेव्हा माझ्या तोंडून निघालं नाही. तिला सही करू दे, मुंगे. मी हात जोडतो.

दादा


१३ फेब्रुवारी

मुंगे,

अकरा दिवस तुझा पत्ता नाही. चिठ्ठी नाही, टाचणी नाही. ढब्बूही फोन घेत नाही. वहिनी म्हणते, धीर धरा. मी धीर कसा धरू? तारीख तोंडावर, आणि तुम्ही दोघी काय ठरवलंत याचा मला मागमूस नाही.

आणि आज दुपारी मला बातमी लागते ती कुठून, तर स्टोअरमधून! माझ्या जागेवर ज्या बाई आल्या आहेत त्यांचा फोन.

“साहेब, तुमच्या बहीणबाई सोमवारी येऊन गेल्या.”

“माझी बहीण? तिने सांगितलं का तसं?”

“कशाला सांगायला हवं? आल्या आल्या म्हणाल्या, फ्रिज उघडा. तुमचाच आवाज.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी पलंगावर बसून ऐकलं. तू म्हणे गळ्यात मापाची टेप घेऊन गेलीस. तापमान कोण लिहितं, सुट्टीच्या दिवशी कोण लिहितं, वीज गेली तर काय करता, सगळं विचारलंस. मग हात आत घालून बाटल्यांचं खोकं आणि मागची भिंत यांतलं अंतर टेपने मोजलंस आणि चिठ्ठीवर लिहून घेतलंस. बाई म्हणाल्या, आताच्या फ्रिजमध्ये बर्फाचा कप्पाच नसतो, बाहेरून आकडा दिसतो. तू म्हणालीस, “आकडा माझ्या भावालाही दिसत होता.” आणि दोन बाटल्या हलवून बघण्याचा प्रकार मला दाखवा म्हणून अडून बसलीस. त्या बिचाऱ्यांनी त्याच खोक्यातली एक बाटली मुद्दाम गोठवली, दुसऱ्या दिवशी विरघळवली, आणि तू खिडकीशी अर्धा तास उभी राहून कण तळाला बसताना बघितलेस. निघताना विचारलंस, “माझ्या पोरीच्या वेळी हे कुणी बघितलं नाही?”

आणि मग बाई सहज म्हणतात, “बाकी अभिनंदन हं साहेब, मुलगी झाली ना सकाळी.”

मी आजोबा झालो हे मला स्टोअरकीपरने सांगायचं! काय म्हणावं तुला! सकाळी दहाला जन्मली, ढब्बू बरी आहे, साडेअकराला दोन्ही मांड्यांत दोन्ही इंजेक्शनं झाली. टोचण्याआधी बाटली तू उजेडाकडे धरून बघितलीस, मगच सिस्टरच्या हातात दिलीस. नंतर अर्धा तास बाळ मांडीवर घेऊन घड्याळ लावून बसलीस. बाई म्हणाल्या, “साहेब, तुम्हीसुद्धा एवढा छळ केला नव्हता.”

मी फोन ठेवला आणि पोट भरून रडलो. वहिनीने पाणी आणून दिलं आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही. बाळाची मांडी कशी आहे, तेवढं एका चिठ्ठीवर लिही. हव्या त्या रकान्यात लिही.

दादा


२२ फेब्रुवारी

दादा,

पाच चिठ्ठ्या एका टाचणीत आहेत. टाचणीचं टोक आत वळवलंय, ओरडू नकोस.

बाळाची मांडी पहिल्या दिवशी लाल होती. दुसऱ्या दिवशी जराशी कडक, अंग कोमट, किरकिर. तिसऱ्या दिवशी काही नाही. मी रोज तीन वेळा बोटाने चाचपून बघते. आज नववा दिवस. गाठ नाही.

ढब्बूने तुझं पत्र वाचलं. मला विचारते, “आई, कागदावर खरंच ‘मुंगीचं बाळ’ लिहिलं होतं?” आणि रडायला लागली. मला रडू आलं नाही. त्या कागदाचा इतका राग आला की हातातली कात्री भिरकावली. एवढी माया होती तर दोन वर्षांनी जिना चढून यायला काय झालं होतं? पंचवीस वर्षं मी रोज स्वतःला विचारायचे, पोरीला टोचू दिलं ते माझं चुकलं का, आणि पुढचे डोस दिले नाहीत ते माझं चुकलं का. उत्तर तुझ्या कपाटातल्या वहीत होतं, चांगल्या अक्षरात.

माफ केलं असं समजू नकोस. ते मी ठरवलेलं नाही, आणि घाईही नाही. तू पुन्हा पानंच्या पानं लिहून पाठवू नकोस, तुझं अक्षर खरंच लागत नाही.

त्या सिस्टरना शोधून काढलंय. निवृत्त होऊन मुलीकडे राहतात. पत्ता तिसऱ्या चिठ्ठीच्या मागे आहे. त्यांना आधी पत्र लिही. मला लिहिलंस तसं गोल गोल फिरू नकोस, पहिल्याच ओळीत सांग.

ढब्बूला आता दर सहा महिन्यांनी तपासायचंय, वेळ पडली तर गोळ्या आहेत. बाळाला ती दूध पाजू शकते, मी तीनदा विचारून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी माझंही रक्त घेतलं. माझ्यातही आहे. म्हणजे पोरीला माझ्याकडूनच गेलं. मला माझ्या रक्ताचं ठाऊक नव्हतं, तुला तुझ्या बाटलीचं ठाऊक होतं, एवढा फरक मी लिहून ठेवते आहे, नंतर मऊ पडले तर मलाच वाचायला.

त्या म्हणाल्या, हे बहुतेक आपल्या आईकडून आलं असणार. आईचं पोट का भरलं होतं ते आता कळतंय. म्हणजे भावानेही तपासलं पाहिजे. उद्याच जाऊन आलास तर उत्तम. पण तू जाणार नाहीस, वहिनीलाही थापा मारशील. लहानपणी सुई बघितली की पलंगाखाली शिरायचास, आणि तुझ्याहून आठ वर्षांनी लहान मी तुला पाय धरून ओढायचे.

म्हणून ऐक. २७ मार्चला बाळाचा दुसरा डोस आहे. सकाळी साडेनऊला स्टोअरच्या दारात थर्मामीटर घेऊन उभा राहा. आधी तू फ्रिज बघायचास. मग बाळाची मांडी. मग समोरच्या खोलीत तुझा हात. त्या लहान चपला घेऊन ये, त्या दिवशी काचेतून तुला त्या घेताना मी बघितलं, मला होतील.

मी सगळा वेळ तुझ्या बाजूला असेन. बोलणार नाही.

मुंगी